बायकांची पट्टी

गोंदियात गाण्यावर पोट भरायचं तर आधी वर्ष कागदावर मांडावं लागतं. एप्रिल जयंतीच्या गाण्यांचा. तेव्हा आमच्या वस्तीपासून थेट अर्जुनी मोरगावपर्यंत कुठून ना कुठून बोलावणं असतं आणि एका दिवसात दोन गावंही होतात. मे लग्नांचा. गणपती-नवरात्रात शहरातले हिंदी ऑर्केस्ट्रा. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. तरुणपणी दहा-अकरा हंगाम मी त्यांच्यासोबत वाजवणाऱ्यांच्या रांगेत बसून गायले. आणि या सगळ्याच्या खाली, बाराही महिने, गाण्याचा क्लास. बाकीची कामं येतात-जातात. घर चालतं ते क्लासवर.

हे सगळं मी वहीत लिहून ठेवते. कोणत्या गावाला कोणती बस, कुठल्या मंडळाची पेटी बेसूर आहे, कुणाला जेवायला बसवायचं लक्षात राहत नाही म्हणून डबा न्यावा लागतो, असं सगळं. माझा नवरा तबला वाजवतो आणि काहीच लिहीत नाही, त्यामुळे त्याचंही मीच लिहिते. लोक म्हणतात, कलावंताला इतकी शिस्त बरी नाही. मी म्हणते, तसं म्हणणाऱ्याने एकदा कार्यक्रमाच्या गावी पोचून 'अहो, कार्यक्रम काल होता' हे ऐकून पाहावं.

तर वही वाईट नव्हे. पण या वहीनेच माझ्या हातून एक चूक करून घेतली. ती फार वर्षं चालली, आणि तिची किंमत मी नाही, दुसऱ्यांनी मोजली.

गाणं न शिकलेल्यांसाठी एक गोष्ट सांगते. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा त्यातली जी पट्टी आपला 'सा' धरतो, ती त्याची पट्टी. त्याच 'सा'पासून त्याला खालीही जायचं असतं आणि वरही, म्हणून 'सा' आवाजाच्या मधोमध बसायला हवा. फार वर धरला तर वरच्या सुरांना गळा फाटतो. आमच्याकडे रिवाज असा की पुरुष काळी एकमध्ये गातात आणि बायका काळी पाचमध्ये. हा कुणी लावला मला माहीत नाही. सोयीचा आहे हे खरं. तबलेवाला दोनच तबले घेऊन निघतो, एक बायकांचा, एक पुरुषांचा. पेटीवाल्याला विचारावं लागत नाही. समोर साडी दिसली की बोट काळी पाचवर.

माझी स्वतःची पट्टी काळी पाच. म्हणून मला त्यात काही वावगं कधी दिसलंच नाही.

क्लास सुरू केला तेव्हा मी दोन बॅच पाडल्या, दुपारी बायका-मुलींची, संध्याकाळी पुरुषांची. बायकांच्या बॅचचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी पाचवर लावला. मुली खोड्या काढून त्याचं बटण फिरवायच्या, रोज पाच मिनिटं ते जुळवण्यात जायची. एक दिवस मी बटणावर चिकटपट्टीच मारून टाकली. पाच मिनिटं वाचली. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

जिच्याविषयी लिहायला बसले आहे ती माझी विद्यार्थिनी पहिल्यांदा क्लासला आली तेव्हा अडतीस वर्षांची होती. दवनीवाड्याच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. दारात चपला काढून तिथेच उभी राहिली.

"मॅडम, मले शिकाचं आहे. पण मी सातवी शिकली. चालते का?"

"सा लावता येतो?"

"चूल लावता येते. सा बी लावून पाहतो."

बाकीच्या मुली हसल्या. तीही हसली. आमच्या भागात बायका 'पाहतो', 'येतो' असंच बोलतात, त्यात शहरातल्या मुलींना हसू येतं. पण तिने सा लावला तेव्हा हसू थांबलं, कारण आवाज जाड होता आणि एकदम स्थिर होता. तो सा माझ्या पट्टीतला नव्हता, खालचा होता. मी म्हटलं, तानपुरा ऐक, वर घे. तिने घेतला. त्या दिवशी वहीत मी लिहिलं, 'कान चांगला. आवाज उचलावा लागेल.'

दोन परीक्षा ती पास झाली. पहिल्या दोन परीक्षांना आवाज फार वर न्यावा लागत नाही. दुसरी झाली त्याच सुमारास तिच्या शाळेतले गाणं शिकवणारे सर बदली घेऊन गेले. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणतं, त्यांनी तिला स्वयंपाकाच्या शेडमध्ये गुणगुणताना ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "तिसरी पास हो, कागद आण, आठवड्याला तीन तास मी तुला देते. कागद नसेल तर मला वर तोंड दाखवता येत नाही."

तिचा क्लास बुधवारी असायचा, पण हे सांगायला ती मुद्दाम बुधवार नसताना आली. बारा वर्षं ती खिचडीचं पातेलं घेऊन त्या वर्गांवरून जात होती. कोणत्या वर्गात कोणता तक्ता लावला आहे हे तिला पाठ होतं. आत खुर्चीपाशी ती एकदाही उभी राहिली नव्हती.

"पोरायनं मले बाई म्हणलं पायजे," ती म्हणाली. "आता म्हणतेच, पण ताट पुढं करून म्हणते."

तिसऱ्या परीक्षेत ती नापास झाली. तान घेताना वरचा सा आला की आवाज फाटायचा. मी रियाज वाढवायला सांगितला. ती पहाटे चूल पेटवायच्या आधी उठून करायची, हे मला नंतर कळलं. पुढच्या वर्षी पुन्हा नापास. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'तार सप्तकात आवाज ताणला जातो.' मी माझ्या वहीत लिहिलं, 'आवाज चढत नाही. मेहनत कमी.' पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं मी कशावरून लिहिलं हे आज मला सांगता येत नाही.

मधे एकदा तिने विचारलं होतं. सगळ्या मुली भूप राग गात होत्या, ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, माह्यासाठी थोडं खाली घेता येईन का?"

"आज खाली घेऊ, उद्या आणखी खाली मागशील," मी म्हणाले. "तुझ्या एकटीसाठी वीस जणींना थांबवू का? रियाज कर. चढेल."

तिने मान डोलावली. नंतर कधी विचारलं नाही.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर ती निकालाचा कागद घडी घालून कमरेला खोचत म्हणाली, "मॅडम, आता एकच खेप. मोठ्या बाई म्हणे, यंदा नाई जमलं तं गोंदियातून कोणाले आणतो. मंग मी काही येत नाई." तिने ते भांडून म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती बसची वेळ सांगावी तसं सांगून गेली.

पुढे रोवणा लागला, म्हणजे धानाची लावणी. त्या दिवसांत आमच्या तालुक्यात क्लासला येणाऱ्या निम्म्या बायका गायब होतात. ती तीन आठवडे आली नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आली, तिची सही आणि फोटो राहिला होता, फोन लागत नव्हता. माझ्या यादीत काम अडकलेलं मला बघवत नाही. शनिवारी सकाळी स्कूटी काढली आणि तिच्या गावी गेले.

घरी कुलूप. शेजारचे म्हातारे बाबा म्हणाले, "बांधीत गेली. कालव्याच्या आंगानं जा."

कालव्याच्या पाळीवर स्कूटी उभी केली आणि चालू लागले. दोन्हीकडे पाण्याने भरलेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. एका बांधीत दहा-बारा बायका ओळीने वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागे मागे सरकत होत्या आणि गात होत्या. एकजण ओळ सांगायची, बाकीच्या उचलायच्या. सांगणारीचा आवाज ऐकून मी थांबले. खालचा, भरलेला, घागरीत बोलल्यासारखा. ओळीच्या शेवटी ती सहज वर जाऊन यायची आणि वर गेल्यावरही आवाजाला कुठे सुरकुती नव्हती. गाणं साधंच होतं, माहेरी निघालेली सून वाटेतल्या एकेका तळ्याला निरोप देते, असं काहीतरी. मी मनात नोंद केली, ही कोण वयस्क बाई आहे ते विचारायचं, हिला क्लासला आणायचं.

ओळ संपली. सांगणारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. तीच होती.

"अव माय! मॅडम!" ती ओरडली. "चिखलात कायले आल्या? सापगिप राहते!"

"हे तू गात होतीस?"

"मी नाई तं कोण? हे साऱ्या मुक्या आहेत." बाकीच्यांनी तिच्यावर पाणी उडवलं.

"पुन्हा म्हण."

"आता? फॉर्मवर सही पायजे म्हणून आल्या ना तुमी?"

"पुन्हा म्हण," मी म्हणाले. माझ्या मोबाइलमध्ये तानपुऱ्याचं ॲप आहे. ती गाऊ लागली तसा मी एकेक सूर लावून पाहिला. काळी पाच नाही. काळी चार नाही. काळी तीनवर तिचा सा असा बसला की मला मोबाइलचा आवाज वेगळा ऐकूच येईना.

"इतकं खाली का गातेस इथे?" मी विचारलं. प्रश्न किती मूर्ख आहे ते विचारताना कळलं नाही.

"वाकल्यावर आवाज वर कायले जाईन, मॅडम? पोटावर दाब राहते. खालीच बरं वाटते. आमच्या साऱ्याच बाया खालीच म्हणते."

"मग क्लासमध्ये सांगितलं का नाहीस?"

तिने हातातली पेंडी पाण्यात आपटून मुळांची माती झाडली. "एक खेप सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमी म्हणलं, रियाज कर. मंग केला."

बाजूच्या बाईने विचारलं, "काऊन वं, मॅडम रागावून राहिल्या का?"

"नाई," ती म्हणाली. "बह्याडासारख्या, येड्यावाणी पाहून राहिल्या."

सही-फोटो घेऊन परत येताना सबंध रस्ता मला माझे गुरुजी आठवत होते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होते, क्वार्टरच्या ओट्यावर शिकवायचे, हिंदी बोलायचे. मी अकरा वर्षांची होते. पहिला आठवडाभर त्यांनी मला काही शिकवलंच नव्हतं. रोज एकेक पट्टी दाबायचे आणि म्हणायचे, "यहाँ गा. हँस के गा. अब रो के गा." आठव्या दिवशी म्हणाले, "काली पाँच. बस, यहीं रह." घरी जाऊन मी वडिलांना सांगितलं, माझी पट्टी काळी पाच आहे. इतकंच लक्षात राहिलं. त्याआधीचे सात दिवस मी विसरून गेले. गुरुजींनी माझ्यासाठी जे शोधलं होतं, ते मी पुढे सत्तावीस वर्षं बाकीच्यांना वाटत राहिले आणि त्याला पद्धत म्हणत राहिले.

घरी नवरा तबल्याची शाई पुसत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिची पट्टी ते नाई म्हणून. गाताना मानेच्या शिरा दिसतात तिच्या."

"मग बोलला का नाहीस?"

"बटणावर चिकटपट्टी तू मारली. म्या काय बोलू?"

भांडायला वेळ नव्हता. मी विचारलं, "काळी तीनचा तबला आणावा लागेल?"

"दोन तबले उचलून खांदा गेला, आता तिसरा?" त्याने पुरुषांच्या तबल्यावर टिचकी मारली. "हे ऐक. काळी एक. तिचा सा काळी तीन धरला तं तिचा पंचम इथंच येते. पुरुषांचाच तबला लाव. भूपात पंचम आहेच. गोड लागते."

मी पेटीवर मोजून पाहिलं, काळी तीनच्या 'सा'चा पंचम, म्हणजे 'प', काळी एकवरच येतो, आणि तबला 'सा'ऐवजी 'प'ला लावला तरी चालतं. बरोबर होतं. चिकटपट्टी त्याच संध्याकाळी काढली. नखाने निघेना, चाकूने खरवडावी लागली.

तयारीला अडीच महिने होते. मी तिला वेगळी वेळ दिली, बुधवारी बॅच संपल्यावर अर्धा तास. वाटलं होतं, पट्टी बदलली की गाडी सुटेल. तसं झालं नाही. बांधीत जो आवाज मोकळा होता तो सतरंजीवर बसल्यावर आत जायचा. तिसऱ्या बुधवारी तिने कारण सांगितलं.

"मॅडम, खाली गायलं का माणसासारखा आवाज येते. फोनवर मले सारे भाऊच म्हणते. ब्यांकेतून फोन आला तं म्हणे, सर, मॅडमले फोन द्या. म्या म्हणलं, देतो. अन् मीच बोलली."

मला हसू आलं, तिलाही आलं, पण ती बोलत राहिली. "बांधीत कोणी पाहत नाई. तिथं परीक्षक राहीन, पोरी राहतीन. तुमच्यासारखा बारीक आवाज पायजे मले वाटे. म्हणून मी बी वरच ओढत होती. सारा दोष तुमचा नाई."

तिने स्वतःवर घेतलेला दोष तिच्याकडेच राहू देणं मला सोपं गेलं असतं. पण त्या दिवशी मी वही काढली आणि तिचं पान तिच्यासमोर ठेवलं. 'मेहनत कमी.' तिने बोटाने अक्षरं लावत वाचलं.

"हे चुकलं तुमचं," ती म्हणाली.

"हो."

"खोडा मंग."

मी खोडलं. तिने तानपुरा सुरू केला आणि त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा पाय पसरून, भिंतीला टेकून, बांधीतल्यासारखी गायली. बसण्याची पद्धत चुकीची होती. मी तशीच राहू दिली.

परीक्षा गोंदियातच एका शाळेच्या हॉलमध्ये असते आणि परीक्षार्थींचा क्रम लावायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. आधी स्त्री गट, मग पुरुष गट. तबला फक्त मध्ये एकदा बदलतो. बायकांच्या मध्येच तबला बदलला म्हणून एका वर्षी परीक्षक चिडले होते. तिला पुरुषांच्या यादीत टाकावं तर ती म्हणाली, "माणसाच्या लायनीत बसू? गाव काय म्हणन?" शेवटी मी तिचं नाव सांध्यावर ठेवलं, स्त्री गटात शेवटचं. बायका संपत आल्या की नवरा तबला बदलणारच होता. तो एक नाव आधी बदलेल, एवढंच.

त्या दिवशी ती निळी साडी नेसून आली होती आणि सकाळपासून तिने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. परीक्षक बाहेरगावचे, वयस्क, चष्मा नाकावर. तिच्या आधीची मुलगी उठली. नवऱ्याने बायकांचा तबला बाजूला सरकवला, पुरुषांचा पुढे घेतला. परीक्षकांनी कागदावरून डोकं वर केलं.

"स्त्री गट झाला का?"

"एक आहे, सर," मी म्हणाले.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पट्टी?"

"काळी तीन."

"बाईमाणूस आणि काळी तीन?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी तीच म्हणाली, "हव सर. माणसाची काळी तीन वेगळी राहते का?"

हॉलमध्ये मागे पुरुष गट बसला होता, तिथून कुणीतरी खोकलं. नवऱ्याने मान खाली घालून तबल्याची गादी नीट केली, ती आधीच नीट होती. परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "गा."

पहिला आलाप थोडा घाबरलेला होता. दुसऱ्यात ती स्थिरावली. तानेला वरचा सा आला तेव्हा मी पेटीवर होते, आणि दोन वर्षांच्या सवयीने मी तो फाटायची वाट पाहिली. आवाज गेला, टेकला, परत आला. परीक्षकांनी तिला आणखी एक तान मागितली, जी तिसऱ्या परीक्षेला लागत नाही. ती तिने चुकवली. पण चुकली ती तालात. गळा फाटला नव्हता.

बाहेर आल्यावर तिने नळाला तोंड लावून पाणी प्यायलं आणि म्हणाली, "शेवटची गेली ना?"

"शेवटची त्यांनी मागायलाच नको होती."

"तरी गेली ना?"

"गेली," मी म्हणाले.

निकालाला महिना-दीड महिना लागतो. तेवढ्या दिवसांत मी एक काम केलं. सगळ्या जुन्या वह्या काढल्या आणि ज्या ज्या नावासमोर 'आवाज चढत नाही' लिहिलं होतं ती नावं वेगळ्या कागदावर उतरवली. अठरा निघाली. सगळ्या बायका. सहा जणींचे फोन लागले. दोघी येते म्हणाल्या, एक खरोखर आली. एकीने ओळखलंच नाही. आणि एक, जी आता नागरा रस्त्याला कपड्यांचं दुकान चालवते, तिला मी समोरासमोर भेटून सांगितलं की तुझा आवाज खराब नव्हता, मी पट्टी चुकीची दिली होती. तिने गिऱ्हाईकाचं कापड कापता कापता ऐकलं. मग म्हणाली, "मॅडम, पंधरा साल हो गए. आता हे मला कशासाठी सांगता?" खरं उत्तर असं की ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. मी एक ब्लाउजपीस घेतलं आणि निघाले. उरलेल्या बारा जणींचे नंबर मी मग शोधले नाहीत.

निकाल आला. दुसऱ्या श्रेणीत पास. कागद घेऊन ती थेट मोठ्या बाईंकडे गेली. तिथेही सगळं ठरल्यासारखं झालं नाही. त्या म्हणाल्या, तीन नाही, दोन तास देते, सहा महिने पाहते. आणि खिचडीला दुसरी बाई मिळेपर्यंत तेही सांभाळ. ती हो म्हणाली. मी तिला सांगितलं की कबूल केलेले तीन तास मागून घे. ती म्हणाली, "पहिले दोन तं घेऊ द्या."

पहिल्या तासाच्या संध्याकाळी तिचा फोन आला. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, पोट्टे ओरडून राहिले होते, खिचडीवाली बाई आली, खिचडीवाली बाई आली."

"मग तू काय केलंस?"

"म्या म्हणलं, हव, थेच आहो. ज्याले भूक लागली त्यानं हात वर करा. साऱ्यायनं केला. मंग म्हणलं, खिचडीले अजून टाइम आहे, तवरीक गाऊ. पण गाणं काही झालं नाई. हाजरी घेण्यातच तास गेला."

"शाळेत पेटी आहे?"

"आहे. एक सूर मुका आहे, बाकी बरी आहे. परवा खरा तास. कोणत्या पट्टीत घेऊ?"

"लहान पोरं आहेत," माझ्या तोंडून निघून गेलं, "काळी पाच घे."

तिकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"घेईन," ती म्हणाली. "पण मी पहिले एकेकाचं आयकतो. चाळीस पोट्टे आहेत. दोन-तीन तास त्याच्यातच जातीन. मोठ्या बाई रागावतीन का?"

"रागावू दे," मी म्हणाले. "एका तासाला चौदा धर. आणि नावापुढे लिहून ठेव."

"लिवतो ना," ती म्हणाली. "पेन्सिलीनं लिवतो."